‘बोटामागे डोळे फिरवून मन कसं बरं होईल?’

*ताई, गेल्या वर्षी माहेरचं लग्न उरकून नाशिकहून कल्याणला परतताना रात्री कसारा घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक मागून आमच्या गाडीवर आदळला. गाडी माझा धाकटा भाऊ चालवत होता. तो जागीच गेला. मला फक्त मनगटाचं फ्रॅक्चर. ‘रात्रीच निघू, सकाळी माझी शाळा आहे,’ हा हट्ट माझा होता. सव्वा वर्ष झालं, पण अजून ट्रकचा एअर ब्रेक फुसकन वाजला की माझे पाय गळतात. पहाटे तीनला दचकून उठते. माहेरी जाणं बंद झालंय. रेल्वेनेही नको वाटतं, कसारा स्टेशन आलं की श्वास कोंडतो. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि ईएमडीआर नावाची थेरपी घ्या म्हणाले. बोटामागे डोळे फिरवायचे, एवढंच मला कळलं. सासूबाई म्हणतात, हे भारून टाकण्यातलं आहे. मला भीती वेगळीच आहे. भाऊ विसरला जाईल का? सगळं पुन्हा सांगावं लागेल का? मोबाइलवर ठिपका फिरणारे व्हिडिओ आहेत, ते घरी करून बघू का?*
*– एक शिक्षिका, कल्याण*

भाऊ विसरला जाणार नाही. हे आधी सांगते, कारण बाकीचे प्रश्न तुम्ही विचारले असले तरी पत्र याच भीतीपोटी लिहिलंय, असं मला वाटतं.

साधी आठवण हळूहळू जुनी होते. तपशील पुसट होतात आणि ‘हे होऊन गेलं’ ही जाण पक्की होते. तुमची त्या रात्रीची आठवण जुनी झालेलीच नाही. एअर ब्रेक वाजला की ती मागच्या वर्षीची वाटत नाही, आत्ताची वाटते, आणि शरीर आत्ता ट्रक येतोय असं समजून वागतं. ईएमडीआरमध्ये ही आठवण पुसत नाहीत, तिला मागच्या वर्षात नेऊन ठेवतात. सध्या भावाचा विचार आला की आधी घाटच उभा राहत असेल. तो घाट थोडा बाजूला झाला की त्याचं हसणं, त्याच्याशी झालेली भांडणं, हे पुन्हा आठवू लागल्याचं बरेच जण सांगतात.

सासूबाईंना सांगा, हे संमोहन नाही. तुमचे डोळे उघडे असतात, खोलीचं भान असतं, आणि हात वर केला की काम थांबतं. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 1987 मध्ये लक्षात आलं की डोळ्यांच्या हालचालींनी त्रासदायक विचारांची धार कमी होते, 1989 मध्ये त्यांचा पहिला अभ्यास छापून आला, आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणावासाठी (पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा असा त्रास) सुचवलेल्या उपचारांत ही पद्धत घेतली. डोळे फिरवल्याने नेमकं काय होतं? मेंदूची एका वेळी धरून ठेवण्याची जागा मर्यादित असते. भयंकर चित्र मनात धरायचं आणि त्याच वेळी हलणाऱ्या बोटाचा माग काढायचा, म्हणजे दोन कामं त्याच जागेत. चित्राला पुरेशी जागा मिळत नाही, त्याची धार बोथट होते, आणि ते तशाच बोथट रूपात पुन्हा साठवलं जातं. हे आज सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे. यात डोळ्यांचा वाटा किती आणि आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाण्याचा किती, यावर संशोधकांत वाद आहे. उपचाराचा उपयोग होतो, यावर मात्र भक्कम पुरावा आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. एक बैठक साठ ते नव्वद मिनिटांची असते. पहिल्या एक-दोन बैठकांत डोळे फिरवणं नसतंच. तुमचा इतिहास, झोप, गोळ्या, घरी आधार कोणाचा, हे विचारतात. मग स्वतःला शांत करण्याचा सराव घेतात. एखादी निवांत जागा, समजा आजोळची पडवी, मनात आणायची, तिथला वास, उजेड, अंगाला काय जाणवतं ते टिपायचं. ही तयारी कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यावाचून पुढचं काम उलटतं. पहिल्याच भेटीत कोणी बोट फिरवायला लागलं, तर तिथे पुन्हा जाऊ नका.

त्यानंतर आठवणीची मोजणी होते. सगळ्यात वाईट क्षणाचं एक चित्र निवडायचं. त्याला चिकटलेलं स्वतःबद्दलचं वाक्य शोधायचं. तुमचं मला पत्रातच दिसतंय: ‘भाऊ माझ्यामुळे गेला.’ मग त्याऐवजी काय मानायला आवडेल ते ठरवायचं, आणि इथे घाई नको. ‘मी काहीच चुकले नाही’ असं गोड वाक्य मन आतून नाकारतं. ‘त्या रात्री मला जे माहीत होतं, त्यावरून मी ठरवलं’ हे टिकू शकतं, कारण ट्रकचे ब्रेक जाणार आहेत हे तुम्हाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. हे नवं वाक्य आज कितपत खरं वाटतं ते 1 ते 7 मध्ये सांगायचं, त्रास किती ते 0 ते 10 मध्ये, आणि तो अंगात कुठे जाणवतो तेही.

मग चित्र, वाक्य आणि अंगातली जाणीव एकत्र धरायची आणि थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे डावीकडून उजवीकडे न्यायचे. मान स्थिर ठेवायची. साधारण चोवीस ते तीस फेऱ्यांचा एक संच, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मग थांबून श्वास, आणि एकच प्रश्न: ‘आता काय आलं?’ उत्तर एका वाक्याचं चालतं. ‘काचा’, ‘छाती दडपली’, ‘आईचा चेहरा’. सगळी हकीकत तपशिलाने सांगावी लागत नाही. डोळे दुखत असतील, चष्म्याचा त्रास असेल, तर हातांवर आलटून पालटून टिचक्या किंवा कानात आलटून पालटून आवाज, असंही करतात. फिट येत असेल, डोळ्यांचा आजार असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी सांगा.

मध्येच त्रास वाढतो. 6 चा 9 होतो, रडू कोसळतं. तिथे बरेच जण घाबरून उपचारच सोडतात, आणि आठवण अर्धवट उघडी राहते. थांबण्याची खूण तुमच्या हातात असतेच, पण ‘थांबा’ आणि ‘जरा दम घेऊ द्या’ यातला फरक आधीच ठरवून ठेवा. मन एकाच जागी फिरत राहिलं, समजा ‘हट्ट माझा, हट्ट माझा’, तर चांगला थेरपिस्ट नुसतं बोट फिरवत बसत नाही. तो विचारेल, ‘तुमच्या शाळेतल्या एखाद्या सहकारी बाईंनी असाच आग्रह धरला असता, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असता?’ आणि पुन्हा संच सुरू करेल. खोलीचं भान सुटायला लागलं, अंग परकं वाटलं, तर लगेच सांगा. तेव्हा आठवण बाजूला ठेवून पाय जमिनीवर टेकायचे, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची.

आकडा खाली आला की नवं वाक्य पक्कं करतात, डोक्यापासून पायापर्यंत अंगात कुठे ताण उरलाय ते तपासतात. माणूस गमावलेलं असताना आकडा कधी 1 किंवा 2 वर थांबतो. ते अपयश नाही. तेवढं दुःख रास्त आहे, आणि जाणता थेरपिस्ट ते 0 करण्याचा हट्ट धरत नाही.

काम पूर्ण झालं नसलं तरी शेवटची दहा-पंधरा मिनिटं शांत होण्यासाठीच राखलेली हवीत. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, दुसऱ्या दिवशी परीक्षेचे पेपर तपासायला घेऊ नका. दोन-तीन दिवस स्वप्नं, नवे तुकडे वर येऊ शकतात. वहीत एका ओळीत टिपून ठेवा, उकलत बसू नका. पुढची बैठक तिथूनच सुरू होते.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पण कोणत्या घेता ते थेरपिस्टला सांगा, कारण चिंतेच्या काही गोळ्यांनी भावना इतकी दबते की काम पुढे सरकत नाही. आणि अपघाताच्या भरपाईचा दावा चालू असेल, तुमची साक्ष व्हायची असेल, तर सुरू करण्याआधी वकिलांशी आणि थेरपिस्टशी बोला. उपचारानंतर चित्र धूसर होऊ शकतं, आणि साक्षीत तपशील विचारतात. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

ठिपक्याच्या व्हिडिओवर ती रात्र आठवू नका. आठवण उघडणं सोपं आहे, 9 वर गेल्यावर पहाटे तीनला ती मिटवायला समोर कोणी नसतं. घरी करण्याजोगं एक आहे: हात छातीवर फुलीसारखे ठेवून दंडांवर आलटून पालटून हळू थोपटायचं. 1997 च्या चक्रीवादळानंतर मेक्सिकोतल्या आकापुल्कोत ही ‘फुलपाखराची मिठी’ वापरात आली. निवांत जागा मनात ठेवून, सहा-आठ थोपटण्या, बस. घाट आठवायला लागला की थांबायचं.

थेरपिस्ट निवडताना विचारा: मूळ पदवी कोणती? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? ईएमडीआरचं प्रशिक्षण पूर्ण झालंय का, आणि त्यावर वरिष्ठांची देखरेख घेतली का? आघातोत्तर तणावासाठी ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शनात साधारण 8 ते 12 बैठका सांगितल्या आहेत. तुमच्यासारख्या एकाच प्रसंगाच्या आघाताला हा अंदाज धरायला हरकत नाही. मध्ये कधी जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, आणि तुमच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी कळवा.

घाटाची आठवण निवळली की एअर ब्रेकच्या आवाजावर वेगळं काम करतात, आणि शेवटी पुढच्या प्रवासावर: कल्याणहून रेल्वेगाडीत बसणं, कसारा, बोगदे, इगतपुरी, असं टप्प्याटप्प्याने मनात चालवून बघतात. तो टप्पा आधी रेल्वेचाच ठेवायला सांगा, दिवसाउजेडी, सोबत कोणीतरी घेऊन. रस्त्याचा घाट त्यानंतर.