झाडांची कृष्णधवल छायाचित्रे सपाट दिसतात; रचना आणि टोनिंग कसे करावे?

फांद्यांचा गुंता होतो आणि सेपिया (उबदार तपकिरी छटा) देऊनही चित्र सपाटच राहते, असे आपण लिहिले आहे. टोनिंगने, म्हणजे तयार चित्राला अशी छटा देण्याने, हा दोष जाणार नाही, कारण झाड पार्श्वभूमीपासून सुटे करण्याचे काम छायाचित्र घेतानाच व्हावे लागते. रंगीत चित्रात ते रंगांवर सोपवता येते. कृष्णधवलात मात्र हिरवे पान, केशरी फूल आणि मागचे वाळलेले गवत यांची उजळता सारखी असली की तिन्ही एकाच राखाडी छटेत मिसळून जातात.

आमच्या भंडाऱ्याकडे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून फुलणारा धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) पळस. उभ्याने फोटो घेतला तर फुले मागच्या धानाच्या वाळलेल्या बांधीत (शेताच्या तुकड्यात) हरवतात, आणि नंतर संगणकावर नारिंगी छटा उजळली तर बांधीतले धसकटही तितकेच उजळते. म्हणून खाली बसून, सूर्य पाठीशी घेऊन, फुलांमागे निळे आकाश येईल असे पाहावे. मग रॉ फाइलचे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्राचे) कृष्णधवलात रूपांतर करताना लाल-नारिंगी उजळ आणि निळा गडद केला की फुले जवळजवळ पांढरी होऊन उठून दिसतात. निळा फार खेचू नये, बारीक फांद्यांभोवती पांढरी कड येते. फिल्मवर हेच काम लाल फिल्टर करतो. त्याला सुमारे ३ स्टॉप जास्त प्रकाश लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट).

मला हिवाळ्यातली सकाळ अधिक प्रिय आहे. मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेल्या तलावाच्या) पाळीवर मोह आणि अर्जुन उभे असतात आणि पाण्यावरून धुके उठत असते, तेव्हा जवळचे झाड गडद, त्यामागचे फिकट आणि दूरचे जेमतेम जाणवण्याइतके, अशी विभागणी आपोआप होते. दोन खोडे एकमेकांना चिकटणार नाहीत एवढे पाहावे, त्यासाठी पाऊलभर सरकणे बहुधा पुरते. धुक्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, म्हणून साधारण १ स्टॉप प्रकाश वाढवावा. उलट गर्द जंगलातल्या कांडोळाच्या पांढऱ्या खोडासाठी तो तेवढाच कमी करावा, अन्यथा सालीचा पोत उडून जातो.

आता टोनिंग. डार्करूममध्ये कागदावरच्या चांदीच्या चित्राला सेपिया देताना ब्लीच (चित्र फिकट करणारे रसायन) आधी उजळ भागांवर काम करते आणि तेथील चांदीचे पुढे सिल्व्हर सल्फाइड होते. म्हणून ब्लीच लवकर थांबवले तर उजळ भाग उबदार होतात आणि सावल्या काळ्याच राहतात. सेलेनियम हे दुसरे टोनिंगचे रसायन याउलट आधी गडद भागांना धरते आणि काळा अधिक खोल करते. ते विषारी असल्याने हातमोजे आणि खेळती हवा हवीच. संगणकावरही हाच क्रम पाळून उजळ भागांत किंचित उबदार, सावल्यांत किंचित थंड छटा द्यावी. मोहाच्या खडबडीत सालीला अशी दुहेरी छटा फार शोभते. धुक्याच्या चित्राला मात्र मी सेपिया देत नाही, कारण त्यातले बहुतेक सगळेच भाग उजळ असल्याने संपूर्ण चित्र पिवळे पडते आणि दूरच्या झाडांचा फिकटपणा थंडीऐवजी धुळीसारखा वाटू लागतो.