एफ-१ व्हिसा, विनापरवाना काम आणि विमानतळावरील चौकशी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या बहिणीच्या लग्नासाठी नाशिकला आली आहे. उन्हाळी सुटीत तिने ओळखीच्यांच्या किराणा दुकानात काही आठवडे रोखीने काम केले. त्याची परवानगी घेतलेली नव्हती. विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रवेश-प्रमाणपत्रावरील प्रवासाची सहीदेखील वर्षापेक्षा जुनी आहे. ‘फोनमधले संदेश पुसून टाक आणि विचारलेच तर कधीच काम केले नाही असे सांग,’ असे मैत्रिणी तिला बजावत आहेत. तिने काय करावे? विमानतळावर वकील बोलावता येतो का?

उत्तर : आपल्या कन्येने खोटे बोलू नये आणि संदेशही पुसू नयेत. परवानगीशिवाय काम करणे हा एफ-१ म्हणजेच विद्यार्थी व्हिसाच्या अटींचा भंग आहे, आणि तो उघड झाल्यास व्हिसा रद्द होऊन परत यावे लागण्याची शक्यता आहे. परंतु अशा व्यक्तीला पुढे नव्याने अर्ज करण्याचा मार्ग सहसा मोकळा असतो. याउलट प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली प्रवेशबंदी आयुष्यभरासाठी लागू होते आणि नंतर प्रत्येक वेळी सवलतीसाठी सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. काही आठवड्यांच्या मजुरीसाठी मुलीने एवढी जोखीम पत्करावी, असे मला मुळीच वाटत नाही.

याचा अर्थ तिने विमानतळावर तपासणीच्या खिडकीपाशी जाताच आपणहून सगळी हकिगत सांगावी असाही नाही. न विचारलेली माहिती देण्याचे बंधन तिच्यावर नाही. मात्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरेच असले पाहिजे. उत्तर देण्याचे नाकारता येते, पण प्रवेशास आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच असल्याने नकारामुळे प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. घाबरून तोंडून चुकीचे उत्तर गेलेच, तर अधिकाऱ्याने ते पकडण्यापूर्वी स्वतः तत्काळ दुरुस्त करावे. वेळेत आणि स्वेच्छेने केलेल्या दुरुस्तीला तेथील कायद्यात महत्त्व आहे.

वकिलाबाबतचे उत्तर निराशाजनक आहे. पहिल्या खिडकीवर किंवा आतल्या खोलीत होणाऱ्या दुय्यम चौकशीत प्रवेश मागणाऱ्याला वकिलाचा हक्क नसतो. चौकशीचा रोख गुन्हेगारी तपासाकडे वळून ती व्यक्ती अटकेत असेल तरच तो मिळतो. फोनची तपासणी वॉरंटशिवाय होऊ शकते, आणि पासवर्ड न दिल्यास परदेशी नागरिकाच्या प्रवेशावर त्याचा परिणाम होतो. नेमके प्रवासाच्या तोंडावर पुसलेले संदेश तर अधिकच संशय निर्माण करतात.

सर्वांत जपून राहण्याची जागा म्हणजे त्या आतल्या खोलीत टंकलिखित होणारा जबाब. अधिकारी प्रश्नोत्तरे संगणकावर नोंदवतो, छापून देतो आणि प्रत्येक पानावर सही घेतो. लांबच्या प्रवासाने थकलेली मुले तो न वाचताच सही करून मोकळी होतात, आणि पुढे कोणत्याही अर्जात तोच जबाब त्यांच्यासमोर ठेवला जातो. आपल्या कन्येने प्रत्येक ओळ वाचावी, चूक असल्यास दुरुस्ती करून घेऊन तिथेही सही करावी, आणि इंग्रजीत बोलताना गोंधळ होत असेल तर मराठी दुभाषी मागावा. प्रवेश नाकारला जाणार हे स्पष्ट झाले, तर ‘मी माझा प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ इच्छिते’ असे तिने नम्रपणे म्हणावे. ही मागणी मान्य करणे अधिकाऱ्याच्या इच्छेवर असते, पण मान्य झाल्यास हद्दपारीचा तातडीचा आदेश आणि त्यासोबत येणारी ५ वर्षांची बंदी टळते. हे वाक्य तिला पाठ असावे.

आय-२० वरील सहीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शिक्षण सुरू असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सही साधारणपणे १ वर्ष चालते; विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नवी सही केलेला आय-२० ईमेलने मागवून त्याची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी. सहीवाचून गेल्यास अधिकारी आय-५१५ए ही तात्पुरत्या प्रवेशाची नोटीस देऊन ३० दिवसांपुरता प्रवेश देऊ शकतो, पण आधीच एक अडचण असताना दुसरी ओढवून घेऊ नये.

मात्र दुकानातील कामाचा विषय त्या कार्यालयाकडे काढण्यापूर्वी अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करणाऱ्या परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यावर अटींचा भंग सरकारी नोंदीत कळवण्याची जबाबदारी असते, तर वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राहते. कामाच्या तारखा, मिळालेली रक्कम आणि तेव्हाचा आय-२० समोर ठेवल्याशिवाय तो वकील नीट मत देऊ शकणार नाही, तेव्हा हे कागद आजच एकत्र करावेत. मार्ग अबुधाबीवरून असेल तर अमेरिकी तपासणी तिथेच, पुढच्या विमानात बसण्यापूर्वी होते, हेही त्याला सांगावे. त्याचे मत येईपर्यंत तिकिटाची तारीख पुढे ढकलावी लागली, तर विद्यापीठाला उशिरा येण्याची पूर्वसूचना देऊन ती खुशाल ढकलावी.