विमानांमधलं ‘अंतर’ की ‘विलगीकरण’?

एका वाचकाने जमिनीवरून विमानांना मार्ग सांगणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांबद्दलच्या अनुवादातलं वाक्य पाठवलं आहे: ‘नियंत्रकांचा कार्यभार वाढल्याने विमानांचे विलगीकरण धोक्यात आले.’ ‘सेपरेशन’ला विलगीकरण आणि ‘वर्कलोड’ला कार्यभार चालेल का, असा प्रश्न आहे.

विलगीकरण नको. करोनाच्या साथीपासून तो शब्द रुग्णाच्या खोलीत मुक्कामाला आहे. ‘पृथक्करण’ रसायनशास्त्राने नेलं, ‘फारकत’ नवराबायकोंनी. उरतं साधं ‘अंतर’, आणि तेच सगळ्यांत नेमकं आहे.

नेमकं अशासाठी की मराठीत अंतर फक्त लांबीचं नसतं. औषधाच्या दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर असतं, भावंडांत तीन वर्षांचं. विमानांचंही तसंच आहे. रडारच्या टप्प्यात दोन विमानांमध्ये साधारण ५ सागरी मैल, म्हणजे ९ किलोमीटरहून थोडं जास्त. विमानतळाजवळ बहुधा ३ मैल. रडार पोचत नाही अशा समुद्रावर, एकाच मार्गाने एकाच उंचीवर जाणाऱ्या विमानांमधलं अंतर मिनिटांतही मोजतात, १० किंवा १५ मिनिटं. आणि उंचीत १००० फूट. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी ते २००० असे. उंचीमापक अधिक अचूक झाल्यावर १००० वर आलं. उत्तर अटलांटिकवर त्याची सुरुवात १९९७ साली झाली.

यातली खरी मेख अशी की आडवं किंवा उभं, कुठलंही एक अंतर पाळलं की पुरतं. रडारच्या पडद्यावर दोन विमानांचे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसत असले, तरी त्यांच्या लेबलांवर ३५० आणि ३६० असे आकडे असतील (म्हणजे ३५,००० आणि ३६,००० फूट), तर नियंत्रकाच्या कपाळाला आठी पडत नाही. उलट दोन्हींवर ३५० असेल आणि मध्ये साडेचार मैल उरले असतील, तर नियमाप्रमाणे किमान अंतर मोडलं. मग विमानं एकमेकांपासून दूर जात का असेनात. अशा प्रत्येक घटनेवर ‘टक्कर थोडक्यात टळली’ असा मथळा देणं बरोबर नाही.

क्रियापद मात्र जपून वापरावं. अंतर राखायचं, ठेवायचं, पण द्यायचं नाही. ‘अंतर देणं’ म्हणजे वाऱ्यावर सोडणं, आणि नियंत्रकाने विमानाला अंतर दिलं तर पंचाईतच!

आता कार्यभार. शिक्षकांच्या तासिकांच्या संदर्भात तो ‘वर्कलोड’ या अर्थाने चालतो हे खरं, पण इतरत्र कार्यभार ‘स्वीकारतात’ आणि ‘सोपवतात’. ‘कामाचा ताण’ही मला पटत नाही, कारण ताण हा परिणाम आहे. विमानं तेवढीच, पण सरळ रांगेतली असली तर काम हलकं. चढती, उतरती, वादळाला वळसा घालणारी असली तर भारी. शिवाय काम फार कमी असणंही धोक्याचं, लक्ष ढिलं पडतं. ‘कमी ताण’ म्हटलं की ती तक्रार वाटतच नाही. म्हणून ‘कामाचा भार’ म्हणावं. तो वाढतो, घटतो आणि वाटूनही घेता येतो: गर्दी झाली की सेक्टरचे, म्हणजे नियंत्रकाकडे सोपवलेल्या आकाशाच्या तुकड्याचे, दोन भाग करून दुसरा नियंत्रक बसवतात.

तो वाटला गेला नाही तर काय होतं, याचं उदाहरण १ जुलै २००२ च्या रात्रीचं. जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण गेले. ते आकाश झुरिकहून सांभाळलं जाई. तिथे एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, देखभालीमुळे मुख्य टेलिफोन बंद होता, आणि त्याचं लक्ष उशिरा उतरणाऱ्या तिसऱ्याच विमानाकडे होतं. दोन्ही विमानं ३६,००० फुटांवर आहेत हे त्याला फार उशिरा दिसलं. टक्कर व्हायला इतरही कारणं होती, पण इथे ‘कार्यभार वाढला’ म्हटलं तर वाचणाऱ्याला त्याची बढती झाली असंच वाटेल.

तेव्हा वाक्य असं करा: ‘नियंत्रकांवर कामाचा भार वाढल्याने विमानांमध्ये किमान अंतर राखणे अवघड झाले.’ आणि ‘विमानांचे अंतर’ लिहू नका, ‘विमानांमधले’ लिहा. नाहीतर कुठून कुठवर, हा प्रश्न उरतोच.