उद्याही जमेल एवढंच आज

लेकरा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. बाबांना लकवा मारल्यापासून मैदान सुटलं, आई मजुरीला जाते, दिवसभर घर सोडता येत नाही, म्हणून "सर, पोलीस भरतीचा नाद सोडू का" असं विचारलंस. आणि शेवटी जाता जाता लिहिलंस की काल रागाच्या भरात तीनशे बैठका मारल्या, आज उठता येईना. पहिलं वाचून जीव कळवळला, दुसरं वाचून राग आला. आधी रागाचं सांगतो.

उद्याही जमेल एवढंच आज करायचं. परभणीच्या मैदानावर हे ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. तिथं मी समोर होतो, थांबवत होतो. घरात तुला थांबवणारं कुणी नाही, म्हणून आता हा नियम जास्त कडक पाळायचा.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्याकडचा एक फार चांगला पळणारा पोरगा असाच घरात अडकला. बरेच दिवस नुसता पडून राहिला आणि मग एके दिवशी चिडून पाचशे बैठका मारल्या. मांड्या ताठल्या, सुजल्या, आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची व्हायला लागली. स्नायू एवढे फाटतात की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. सलाइनवर सलाइन लावून वाचला, पण पळण्यावरून त्याचं मन उडालं ते उडालंच. त्याचे पाय आठवले की अजून हळहळतो मी. तुझ्या लघवीचा रंग तसा दिसला तर मला फोन करत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

गावात लोक म्हणायचे, हे सर पोरांना दमवतच नाहीत, दुसरीकडे बघा, ओकेपर्यंत पळवतात. म्हणू देत. ओकेपर्यंत पळालेल्या कितीतरी पोरांच्या नडग्या भरतीच्या आधीच दुखायला लागायच्या. माझी पोरं त्या दिवशी रेषेवर उभी असायची. आपल्या जांबचे समर्थ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचे, असं सांगतात. पोरं त्यातलं "बाराशे" तेवढं धरतात आणि "रोज" सोडून देतात.

आता तुझी भीती. 1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांचा दम चौथ्या हिश्शाहून जास्त घटला. पण पुढं दोन महिन्यांच्या आसपास सराव केला आणि गेलेला दम परत आला. तू तर अंथरुणावर नाहीस, दिवसभर पायावर आहेस. तेव्हा मैदान सुटलं म्हणून सगळं संपलं, हे रडगाणं मला नको. जे घटेल ते भरून येईल. मोडलेली कंबर मात्र लवकर भरून येत नाही.

म्हणून आधी कंबर. बाबांची कूस दर दोन तासांनी बदलतेस, ते बरोबरच आहे, नाहीतर पाठीला जखमा होतात. पण बदलतेस कशी? बाज खाली असेल तर चारी पायांखाली विटा लाव, तुझ्या कमरेच्या जवळ येऊ दे. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला उभी राहा. त्यांचा पलीकडचा गुडघा दुमडून घे. एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं. तुझा एक पाय पुढं, एक मागं, गुडघे सैल, आणि अंगाचा भार मागच्या पायावर नेत त्यांना आपल्याकडं वळव. कमरेतून वाकून उचलायचं नाही. लुळा हात धरून तर कधीच ओढू नकोस, खांदा निखळतो. गोळाफेकीतही हेच शिकवत होतो ना? चार किलोचा गोळा पायातून जातो, हातातून नाही. हे काम रोज नीट केलंस तर तेवढा सराव आपोआप होतो.

कूस बदलून झाली की तीन-चार मिनिटं ओट्यावर चढ-उतर. एकदा उजवा पाय आधी, एकदा डावा. तोंडानं सतराचा पाढा म्हणत राहा. पाढा अडखळला की थांब. घड्याळ नको, आकडा नको. आठवड्यातून दोन सकाळी मात्र पाढा पार तुटेल अशी चढायची, अर्धा मिनिट जोरात, मग श्वास जागेवर येईस्तोवर चालायचं, असं पाच-सहा वेळा. आठशे मीटरचे वीस गुण आहेत, त्याचा दम यातनं टिकतो. दोरीवरच्या उड्या सारवलेल्या अंगणात मार, फरशीवर नको. शंभर मीटरची काळजी आत्ता करू नकोस, ते मैदानाचंच काम आहे.

उन्हाळ्यात पत्र्याखाली सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फक्त बाबांचं बघ, बाकी काही नाही. पहाटे पाचची आणि रात्री जेवणाआधीची, या दोन वेळा मुख्य. पाणी टँकरचं आहे, अंघोळीला पुरत नाही म्हणून घाम गाळायचा नाही, असं तू पूर्वी एकदा म्हणाली होतीस. ओल्या फडक्यानं अंग पूस, पण प्यायचं पाणी तोडू नकोस. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, भाकरी, ताक. डब्यातल्या पावडरीला पैसे घालू नकोस.

तीनशे बैठकांनी दुखतंय तोवर बैठक नाही. नुसतं चालणं. दुखणं गेल्यावर वीसपासून सुरू. "वीसच?" म्हणशील. हो, वीसच. दुसऱ्या दिवशी बाजेशेजारी उभं राहताना मांड्या कुरकुरल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात पाच वाढव. कुरकुरल्या तर वाढवायच्या नाहीत, आणि मला खोटं सांगायचं नाही. उद्याही जमेल एवढंच आज. वैतागशील तू या वाक्याला, मला चालेल.

भरतीत मैदानी चाचणीला पन्नास गुण आहेत आणि त्यातले पंचवीस आले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. ते पंचवीस घरात राहून हातात ठेवता येतात. वरचे पुढं मैदानावर बघू. आईला सांग, आठवड्यातून एक पहाट तिनं बाबांजवळ थांबावं आणि तू डांबरीनं जाऊन यायचं. जमणार नाही म्हणाली तर मी बोलतो तिच्याशी.

ओट्याची उंची मोजून कळव. तुझ्या गुडघ्याच्या वर जात असेल तर खाली एक सपाट दगड टाकावा लागेल. ती कळल्यावर पुढच्या पंधरा दिवसांचं लिहून धाडतो.

तुझा
सर