बाबांच्या व्हिडिओतली एक हिरवी फ्रेम

प्रश्न : माझे बाबा मोटरमन होते, रिटायर झाले त्या दिवशी त्यांची शेवटची लोकल चर्चगेटला लागली आणि आईने केबिनच्या दारातच त्यांना हार घातला, ते मी फोनवर शूट केलंय. पण बरोब्बर हार घालायच्या आधी एक फ्रेम हिरवीगार येते, डोळ्यात खुपते. एका अ‍ॅपमध्ये कट करून सेव्ह केलं तर फ्रेम गेली पण बाबांच्या चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसायला लागले. क्वालिटी न घालवता ती एक फ्रेम काढता येईल का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : येईल, आणि तुमच्या केसमध्ये तर बहुतेक सहज येईल. ते अ‍ॅप अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतं, म्हणजे परत दाबून लहान करून साठवतं, म्हणून चौकोन आले. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवलेली नसते हो, मधूनमधून एक कीफ्रेम पूर्ण असते, बऱ्याच फोनमध्ये साधारण सेकंदाला एक, आणि बाकीच्या फ्रेम्समध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. म्हणून मधलीच एक उचलली तर तिच्यावर टेकलेल्या पुढच्या सगळ्या बिघडतात, थेट पुढची कीफ्रेम येईपर्यंत.

आता तुमची हिरवी फ्रेम बघा. ती खराब आहे आणि लगेच पुढची स्वच्छ आहे, म्हणजे पुढची फ्रेम कीफ्रेमच असायची दाट शक्यता आहे, नाहीतर हिरवा रंग पुढेही पसरला असता. मग काम सोपं! कॉम्प्युटरवर लॉसलेसकट (LosslessCut) नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. दोन तुकडे करा, पहिला हिरव्या फ्रेमच्या आधी संपवा, दुसरा त्या कीफ्रेमपासून सुरू करा आणि एक्स्पोर्ट करताना दोन्ही जोडायला सांगा. यात काहीच परत एन्कोड होत नाही. तुकडा संपवायला कीफ्रेम लागत नाही, सुरू करायला मात्र लागतेच, म्हणून दुसऱ्या तुकड्याची सुरुवात नीट लावा, अंदाजाने नको, त्यात कीफ्रेमवर उडी मारायचं बटण आहे ते वापरा, कारण किंचित जरी आधी लागली तरी तो मागच्या कीफ्रेमपासून सुरू होतो आणि आईचा हात परत मागे जाऊन पुढे आलेला दिसतो.

पुढची कीफ्रेम लांब निघाली तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट कट आहे, तो कापल्या जागेपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतचाच तुकडा एन्कोड करतो, बाकी हात लावत नाही. अजून प्रायोगिक आहे, सगळ्या फाइलींवर चालेलच असं नाही, पण करून बघायला हरकत नाही.

सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे जेमतेम ३३ मिलिसेकंद, तेवढाच आवाजही जाईल, तरी जोडाच्या जागी टक् होतंय का ते हेडफोन लावून ऐका, विशेषतः तिथे हॉर्न वाजत असेल तर. मूळ फाइल अजिबात डिलीट करू नका, आणि नातेवाईकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो तिथे परत दाबला जातो आणि चौकोन पुन्हा हजर.