डोक्याला मार लागून तीन आठवडे झाले. सीटी स्कॅन आणि नजर दोन्ही ठीक असूनही वाचताना अक्षरे हलतात. नवा चष्मा करून घ्यावा का?

इतक्यात नको. अशाच घाईत आणलेला एक चष्मा माझ्या खणात अजून पडून आहे, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

मी मुद्रितशोधक आहे. 2017 च्या पावसाळ्यात स्कूटर घसरून माझे डोके दुभाजकावर आपटले. हेल्मेट होते, शुद्ध हरपली नव्हती, स्कॅनमध्येही काही निघाले नाही. दहा दिवसांनी कामाला बसले, तर पाचसात मिनिटांतच ओळी एकमेकींत शिरू लागल्या आणि एका अनुस्वाराचे शेजारीशेजारी दोन ठिपके दिसू लागले. ट्यूबलाइटचा उजेडही सोसवेना. तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली, त्यामुळे नजर 6/6 असल्याचे सांगून मला घरी पाठवण्यात आले. घरी मोठ्या दिरांनी चाळिशी लागल्याचे जाहीर केले आणि +1 चा तयार चष्मा स्वतः आणून दिला. तो लावल्यावर दोन्ही ठिपके अधिक ठसठशीत दिसू लागले, एवढाच काय तो फरक पडला.

तक्ता वाचताना एका वेळी एकच डोळा तपासला जातो, तोही सहा मीटरवरून. वाचताना मात्र दोन्ही डोळे नाकाकडे वळून एकाच अक्षरावर स्थिरावावे लागतात. हा मेळ मेंदू घालतो आणि मार लागल्यावर बिघडतो तो हाच. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा अस्थिभंग दिसतो, हा बिघाड दिसत नाही. पुढे एका दृष्टितज्ज्ञ बाईंनी पेन्सिलीचे टोक माझ्या नाकाकडे आणत नेले. सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवे असलेले ते टोक मला अठरालाच दुहेरी झाले. मणी ओवलेल्या दोरीवर रोज पंधरा मिनिटे नजर फिरवण्याचा व्यायाम त्यांनी दिला आणि साधारण तीन महिन्यांत अनुस्वार पुन्हा एक झाला.

तुमच्याही घरी कुणी चाळिशीचे निदान करत असेल, तर त्यांच्यासमोर एक डोळा झाकून वाचून दाखवा. चाळिशीत एक डोळा झाकला तरी जवळचे अंधुकच राहते. माझ्या बाबतीत डोळा झाकताच अक्षर एक होऊन स्थिर होत असे. हे मी दिरांना दोनदा करून दाखवले, त्यांनी दोन्ही वेळा वर्तमानपत्र वर धरले. (खरी चाळिशी मला बेचाळिसाव्या वर्षी लागली, तीही +1.25 ची.)

अर्थात प्रत्येकाचा बिघाड हाच असेल असे नाही. जिना उतरताना एकाखाली एक अशा दोन पायऱ्या दिसत असतील, तर डोळा फिरवणारी चौथी मज्जातंतू दुखावलेली असू शकते. तिथे दोरीमण्यांचा उपयोग नाही. आणि एक बाहुली मोठी दिसणे, पापणी पडणे, वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, गुंगी, किंवा नजरेसमोर वीज चमकून काळा पडदा सरकणे यांतले काहीही असेल, तर माझे उत्तर बाजूला ठेवून आत्ताच रुग्णालय गाठा. तसे नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे दोन्ही डोळ्यांची जवळची तपासणी मागून घ्या. न मागता ती माझ्या वाट्याला आली नव्हती.