कान, जागा आणि बास

प्रश्न: आवडत्या रॉक बँडचा मैदानातला कार्यक्रम आहे, तिकीट उभ्याचं. लवकर जाऊन अगदी पुढे उभं राहावं का? नंतर कानात शिट्टी वाजते, त्याचं काय करावं?

उत्तर: गायकाचा घाम बघायचा असेल तर पुढे जा. ऐकायचं असेल तर नको. मुख्य स्पीकर उंच टांगलेले असतात, त्यांचा आवाज पहिल्या रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथे समोरच्या सबवूफरचा (खालच्या, जाड सुरांच्या स्पीकरचा) बास छातीवर आदळतो आणि गाण्याचे शब्द बुडतात. ध्वनिसंयोजक मैदानात मधोमध मिक्सर घेऊन बसतो. त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं तेच तो ठेवतो, म्हणून त्याच्या चार-पाच पावलं पुढे उभं राहावं. शंभर मीटर मागे आवाज सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो. ड्रमची काठी आधी दिसते, ठोका मागून येतो.

कानातली शिट्टी ही इजेची खूण आहे. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, 100 डेसिबल जेमतेम 15 मिनिटं, आणि रॉकचे कार्यक्रम सहज शंभरीला टेकतात. म्हणून कानात बोळे घालावेत. फोमचे बोळे स्वस्त, पण ते झांजांची चमक जास्त खातात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळे सूर साधारण सारखे उतरवतात. फोमच घ्यायचा तर बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. बहुतेकांचं इथेच चुकतं. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.